बाळंतिणीचे न सांगितले जाणारे दुखणे: प्रसूतीनंतरचे फिशर

सातारा-सांगलीकडच्या घरांत बाळंतपणासाठी माहेरी आलेल्या मुलीची काळजी घेण्यात काही कमी पडू दिले जात नाही. डिंकाचे लाडू वळले जातात, अळिवाची खीर होते, शेक-शेगडी होते, अंगाला तेल लावायला बाई येते आणि बाळाने आज किती वेळा शी केली, ती पिवळी होती की हिरवट, याची चौकशी घरातले प्रत्येक माणूस करते. बाळंतिणीला शौचाला होते का, होताना दुखते का, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही आणि तीही स्वतःहून सांगत नाही. टाके दुखतात एवढे ती आईला सांगते. पण टाक्यांच्या मागे, शौचाच्या जागी जी आग होते आणि तास-दोन तास थांबत नाही, तिच्याबद्दल बोलायला तिला संकोच वाटतो. पुष्कळ जणी जेवणच कमी करतात, कारण जेवले की जावे लागेल. असे दुखणे अंगावर काढणाऱ्यांपैकी अनेकींना झालेले असते ते फिशर, म्हणजे गुदद्वाराच्या कडेला पडलेली चीर. ते बहुतेक वेळा ऑपरेशनाशिवाय बरे होते. मात्र ते का होते आणि का रेंगाळते, हे बाळंतिणीला आणि तिच्यासाठी रांधणाऱ्या बाईला, दोघींनाही नीट कळले पाहिजे, कारण या दुखण्याचा बराचसा इलाज स्वयंपाकघरात आहे.

गुदमार्ग म्हणजे आतड्याचा अगदी शेवटचा, जेमतेम तीन-चार सेंटीमीटर लांबीचा भाग. त्याच्या वरच्या अर्ध्या भागाला आतड्यासारखे अस्तर असते आणि तिथे कापल्या-टोचल्याची वेदना जवळजवळ कळत नाही. खालच्या अर्ध्या भागाला मात्र पातळ त्वचा असते आणि तिच्यात वेदना जाणणाऱ्या मज्जातंतूंचे दाट जाळे असते. मूळव्याधीचे आतले कोंब वरच्या भागात असल्यामुळे ते बऱ्याचदा न दुखता रक्त टाकतात. फिशर खालच्या त्वचेवर असते, म्हणून चीर सेंटीमीटरभरच असली तरी ती माणसाला घाम फोडते. आपल्याकडे त्या जागेच्या प्रत्येक तक्रारीला मूळव्याध म्हणण्याची पद्धत आहे आणि मग मूळव्याधीचे मलम, मूळव्याधीचा काढा, मूळव्याधीचे पथ्य असा प्रवास सुरू होतो. ढोबळ खूण अशी की, शौच होताना चिरत जाणारी कळ आणि त्यानंतर बराच वेळ टिकणारा ठणका किंवा आग, सोबत मलावर ओढलेली लाल रेघ किंवा शेवटी पडणारे ताज्या रक्ताचे चार थेंब, हे चित्र फिशरचे असते. खात्री मात्र डॉक्टरांनी पाहूनच करायची असते. त्यासाठी आत बोट घालून तपासावेच लागते असे नाही. दोन्ही बाजू हलक्या हाताने दूर केल्या की चीर बहुतेक वेळा नजरेनेच दिसते, आणि दुखणे तीव्र असताना समजूतदार डॉक्टर आतली तपासणी पुढे ढकलतात. या भीतीने दवाखाना टाळणाऱ्या बायकांना एवढे जरी आधी कोणी सांगितले, तरी त्यांचे अनेक दिवसांचे हाल वाचतील.

मग एवढीशी चीर भरत का नाही? थंडीत ओठाचा कोपरा फुटतो, तेव्हा हसले किंवा तोंड उघडले की तो पुन्हा उलतो, तसेच इथे घडते. प्रत्येक कडक शौच कालची अर्धवट भरलेली जखम पुन्हा उघडते. त्यात गुदद्वाराभोवतीच्या स्नायूची भर पडते. तिथे दोन स्नायूंची वळी असतात. बाहेरचे वळे आपल्या ताब्यात असते, आतले नसते. वेदना झाली की हे आतले वळे आपोआप आवळले जाते आणि आवळलेलेच राहते. शौच झाल्यानंतरही तासभर ठणकत राहते ते या आवळण्यामुळे. आवळलेल्या स्नायूमुळे त्या त्वचेला मिळणारे रक्त कमी होते आणि रक्त कमी मिळाले की जखम भरणे लांबते. दुसरीकडे, दुखण्याच्या भीतीने बाई शौचाची भावना दाबून धरते. मोठे आतडे थांबलेल्या मलातले पाणी शोषत राहते, त्यामुळे आज टाळलेले शौच उद्या अधिक कडक होऊन येते, खडा धरतो, आणि तो खडा पुन्हा तीच चीर फाडतो. उपचार म्हणून जे काही सांगितले जाते, त्यातली प्रत्येक गोष्ट हे चक्र कुठे ना कुठे तोडण्यासाठी असते.

बाळंतपणात हे चक्र सुरू व्हायला सगळ्याच बाजूंनी निमित्त मिळते. गरोदरपणातल्या संप्रेरकांमुळे आतड्यांची हालचाल मंदावलेली असते आणि ती पूर्ववत व्हायला काही दिवस जातात. प्रसूतीच्या कळांत तासन् तास पोटात काही गेलेले नसते. नंतर टाके उसवतील या धास्तीने पहिले दोन-तीन दिवस शौच रोखले जाते. स्तनपानामुळे शरीरातले पाणी दुधावाटे जात असते. सरकारी कार्यक्रमानुसार बाळंतिणीला १८० दिवस रोज ६० मिलिग्रॅम लोह आणि फॉलिक अ‍ॅसिडची गोळी, शिवाय कॅल्शियम दिले जाते, आणि लोह व कॅल्शियम दोन्हींनी कोठा जड होतो. सिझेरियन झालेल्या बाईची खालची जागा फाटलेली नसली, तरी तीव्र वेदनाशामक औषधे, उपास आणि अंथरुणावर पडून राहणे यांमुळे तिलाही फिशर होऊ शकते. ‘पोटातून बाळ काढले, मग खाली कसे दुखेल’ असे म्हणून तिची तक्रार उडवून लावू नये. आणखी एक फरक ध्यानात घेण्याजोगा आहे. एरवी बहुसंख्य फिशर मागच्या बाजूला, माकडहाडाच्या दिशेने असतात. बाळंतपणानंतर मात्र पुढच्या बाजूला, योनीकडे, चीर पडण्याचे प्रमाण वाढते, कारण बाळ बाहेर येताना तिथल्या उतींवर ताण आलेला असतो. त्यामुळे टाक्यांचे दुखणे कुठे संपते आणि चिरेचे कुठे सुरू होते, हे त्या बाईला स्वतःलाही सांगता येत नाही.

आता स्वयंपाकघराकडे वळू. बाळंतिणीला पाणी कमी द्यावे, नाहीतर तिचे पोट सुटते, ही समजूत अजून अनेक घरांत पाळली जाते आणि फिशरच्या दृष्टीने तिच्याइतके नुकसान करणारे दुसरे काही नाही. पोट सुटलेले दिसते ते नऊ महिने ताणलेल्या स्नायूंमुळे. पाण्याचा त्याच्याशी संबंध नाही. दुसरी समजूत अशी की, भाज्या, उसळी आणि फळे बाळाला बाधतात, म्हणून सव्वा महिना तूप-भात, मेतकूट, लाडू आणि शिरा यांवरच भर दिला जातो. आजी आणि आई हे सगळे मायेपोटी करतात, यात शंका नाही. पण पांढऱ्या तांदळात १०० ग्रॅममागे चोथा ३ ग्रॅमही नसतो, तर ज्वारीत तो सुमारे १० ग्रॅम असतो, आणि प्रौढ बाईला दिवसाला २५ ते ३० ग्रॅम चोथा लागतो. डिंक आणि अळीव वाईट नाहीत. ते पाणी धरून फुगतात आणि पुरेसे पाणी पोटात गेले तर मल मऊच करतात. मात्र वरून पाण्याची बंदी असेल, तर तेच लाडू कोठा धरतात. म्हणजे परंपरा मोडायची नाही, तिच्यातले पाणी परत आणायचे आहे. आपल्याच परंपरेने बाळंतिणीला शेपूची भाजी दिली, ती चांगलीच आहे. माण-खटाव किंवा जतकडच्या शाळूची भाकरी आमटीत कुस्करून खाल्ली तर ती पोटालाही हलकी आणि मलालाही मऊपणा देणारी. कोरेगावकडचा घेवडा रात्री भिजवून, मऊ शिजवून वाटीभर दिला, तर एका वाटीत दिवसाच्या चोथ्याचा मोठा वाटा भागतो. तासगावकडचे बेदाणे मूठभर घेऊन रात्री पाण्यात टाकावेत आणि सकाळी पाण्यासकट खावेत. पिकलेली पपई, सालीसकट पेरू, शिजवलेला दुधी, तांबडा भोपळा, यांतले बाळंतिणीला वर्ज्य काही नाही. वायू धरेल अशी भीती वाटत असेल तर एका वेळी एकच पदार्थ सुरू करून दोन दिवस पाहावे. तिखटाने फिशर होत नाही, पण चिरलेल्या जागेवर त्याची आग होते, तेव्हा जखम भरेपर्यंत ठेचा आणि खर्डा बाजूला ठेवलेला बरा. पाण्याचे प्रमाण मोजत बसण्यापेक्षा, बाळाला पाजायला घेण्याआधी शेजारी तांब्या-भांडे भरून ठेवावे आणि प्रत्येक पाजण्यागणिक भांडेभर पाणी प्यावे, म्हणजे बहुतेकींचे भागते.

जेवणातून भागत नसेल आणि सुरुवातीच्या दिवसांत ते सहसा भागत नाही, तर इसबगोलाची मदत घ्यावी. रात्री एक मोठे भांडे कोमट पाणी घ्यावे, त्यात दोन चहाचे चमचे इसबगोल घालून ढवळावे आणि ते घट्ट होण्याआधी लगेच प्यावे, आणि त्यावर आणखी एक भांडे साधे पाणी प्यावे. हे दुसरे भांडे टाळले तर इसबगोल आतड्यातच घट्ट गोळा होतो आणि उलटाच परिणाम होतो. त्याचा गुण यायला दोन-तीन दिवस लागतात, म्हणून एका रात्रीत सोडून देऊ नये. डॉक्टर पुष्कळदा लॅक्ट्युलोजचे पातळ औषध देतात. ते आतड्यात पाणी धरून ठेवते आणि रक्तात जवळजवळ शोषले जात नसल्याने अंगावर पाजणाऱ्या आईला चालते. एरंडेल, सोनामुखी किंवा जुलाबाची चूर्णे मात्र स्वतःच्या मनाने घेऊ नयेत. त्यांनी पोटात मुरडा येतो, पातळ शौचाने चीर भाजल्यासारखी झोंबते आणि दोन दिवसांनी पुन्हा कोठा धरतो. आपल्याला हवा आहे तो जुलाब नव्हे, रोज विनासायास सरकणारा, मऊ आणि बांधीव मल. लोहाच्या गोळ्या बंद करणे हाही इलाज नाही. बाळंतपणात रक्त गेलेल्या बाईला त्यांची गरज असते. डॉक्टर गोळीचा प्रकार, वेळ किंवा मात्रा बदलून देऊ शकतात. लोह आणि कॅल्शियम एकाच वेळी घेऊ नये, दोन्हींत किमान दोन तासांचे अंतर ठेवावे. लोहामुळे शौचाचा रंग काळपट-हिरवा होतो, त्याने घाबरून जाऊ नये.

शौचाला बसण्याची वेळ आणि पद्धत यांवरही बरेच अवलंबून असते. सकाळी काही गरम पोटात गेल्यावर मोठ्या आतड्याला नैसर्गिक चालना मिळते. त्या वेळी भावना झाली तर बाळ रडत असले तरी ते आजीकडे देऊन बाईला जाऊ द्यावे. घरातल्या माणसांनी करण्यासारख्या मदतीत हिचा क्रम फार वरचा लागतो. भारतीय पद्धतीच्या संडासात उकिडवे बसणे आतड्याच्या दृष्टीने सोयीचे असले, तरी ताज्या टाक्यांवर ताण येत असेल तर कमोड वापरावा आणि पायांखाली एक बुटके स्टूल किंवा दोन पाट एकावर एक ठेवून गुडघे कमरेपेक्षा वर येतील असे बसावे. टाके असतील तर स्वच्छ पॅड किंवा धुतलेल्या सुती कापडाची घडी पुढून टाक्यांवर हलकेच दाबून धरावी. टाके उसवण्याची धास्ती त्याने पुष्कळ कमी होते. श्वास रोखून जोर लावू नये, तोंडाने सावकाश श्वास सोडत राहावे. पाच मिनिटांत झाले नाही तर उठावे आणि पुन्हा भावना होईल तेव्हा जावे. जाण्याआधी गुदद्वाराच्या कडेला थोडी पेट्रोलियम जेली लावली तर घर्षण कमी होते. नंतर साध्या पाण्याने, फवाऱ्याचा जोर न लावता धुवावे आणि मऊ कापडाने टिपून घ्यावे, पुसू नये.

शौचानंतरच्या ठणक्यावर सर्वांत जास्त आराम देणारी गोष्ट आहे कोमट पाण्यात बसणे. रुंद तोंडाचा प्लास्टिकचा टब किंवा मोठे घमेले घासून स्वच्छ करावे, त्यात कोपराला सोसेल इतके कोमट पाणी घ्यावे आणि १० ते १५ मिनिटे कंबर बुडेल असे बसावे. दिवसातून दोन-तीन वेळा, आणि शौचानंतर तर नक्कीच. उबेने आवळलेला स्नायू सैल पडतो, रक्तपुरवठा वाढतो आणि ठणका ओसरतो. खाली बसणे-उठणे जड जात असेल तर कमोडवर बसणारे भांडे औषधांच्या दुकानात मिळते. पाण्यात जंतुनाशक द्रव टाकू नये. तो चिरलेल्या त्वचेला जाळतो. बाजेखालची शेगडी आणि ओव्याची धुरी यांना मात्र मी स्पष्ट नाही म्हणेन. कोरडी धग आणि धूर यांनी ही नाजूक जागा आणखी कोरडी पडते, आणि टाक्यांच्या जागी बधिरपणा असेल तर भाजलेलेही लवकर कळत नाही. पाजताना मांडी घालून बसणे अशक्य होत असेल, तर कुशीवर निजून पाजावे. तसे पाजणे बाळालाही चालते.

वेदनेसाठी पॅरासिटामॉल आणि आयब्युप्रोफेन ही औषधे स्तनपान चालू असताना सहसा सुरक्षित मानली जातात. दम्याचा, पित्ताचा, मूत्रपिंडाचा किंवा रक्तदाबाचा त्रास असेल तर आयब्युप्रोफेन डॉक्टरांना विचारूनच घ्यावे. ट्रॅमाडॉल आणि कोडीन यांच्यासारख्या गोळ्या टाळाव्यात, कारण त्यांनी कोठा धरतो आणि त्या दुधातून बाळापर्यंत पोहोचून त्याला गुंगी आणू शकतात. लावायच्या औषधांत दोन प्रकार असतात. लिग्नोकेनसारखी मलमे ती जागा थोडा वेळ बधिर करतात. डिल्टियाझेम, निफेडिपिन किंवा नायट्रोग्लिसरीन यांची मलमे आतल्या स्नायूला सैल करून रक्तपुरवठा वाढवतात, म्हणजे ती नुसती वेदना मारत नाहीत तर जखम भरायला मदत करतात. त्यांतल्या नायट्रोग्लिसरीनने अनेकांचे डोके दुखते. यांतले कोणते आणि किती दिवस लावायचे हे बाळ अंगावर पिते हे सांगून डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे. मलम वाटाण्याएवढे घेऊन कडेला लावावे आणि बाळाला हात लावण्याआधी हात साबणाने धुवावेत. दुकानातून विचारून आणलेल्या मूळव्याधीच्या अनेक मलमांत स्टेरॉइड असते. ते फार दिवस लावले तर आधीच पातळ असलेली त्वचा आणखी पातळ होते.

इथे जी चूक सर्वाधिक घडते तिच्याबद्दल थोडे थांबून सांगायला हवे. मल मऊ झाला की आठ-दहा दिवसांत दुखणे पुष्कळ कमी होते आणि सगळे पथ्य सुटते. टब माळ्यावर जातो, इसबगोलाचा डबा बंद होतो. पण दुखणे थांबणे आणि जखम भरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वरून मिटलेली चीर आतून अजून कच्ची असते, आणि त्या काळात झालेले एकच कडक शौच तिला पहिल्या दिवशीइतके फाडू शकते. ताजी चीर नीट भरायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. वेदना पूर्ण थांबल्यानंतरही चोथा, पाणी आणि मल मऊ ठेवणारे औषध काही आठवडे चालू ठेवावे आणि मग हळूहळू कमी करावे. सासरी परतण्याचे दिवस नेमके याच सुमारास येतात. प्रवास, पाहुणे, आणलेले कंदी पेढे, नवी दिनचर्या आणि संडासला जायला सवड न मिळणे, यांत दुखणे उलटण्याची शक्यता सर्वाधिक असते. सासूबाईंना मोकळेपणाने सांगता येत नसेल तर नवऱ्याने सांगावे. त्यात लाजण्यासारखे काही नाही.

सहा ते आठ आठवड्यांनंतरही चीर भरली नाही, तर ती जुनाट समजली जाते. तिच्या कडा जाड होतात आणि बाहेर त्वचेचा एक छोटा फुगवटा येतो, त्यालाच अनेकजण कोंब समजतात. तेव्हा सर्जनचा सल्ला घ्यावा. मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय, सांगलीचे वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय आणि साताऱ्याचे क्रांतिसिंह नाना पाटील जिल्हा रुग्णालय ही सरकारी ठिकाणे त्यासाठी आहेतच. एरवी जुनाट फिशरवर आतल्या स्नायूचा थोडा भाग कापून तो सैल करण्याची शस्त्रक्रिया केली जाते आणि तिने दहापैकी नऊहून अधिक रुग्ण बरे होतात. बाळंतपणानंतर मात्र तिच्याबाबत घाई नको. योनीमार्गे प्रसूती झालेल्या काही बायकांत हा स्नायू आधीच दुखावलेला असतो, काहींत तो मुळात फार आवळलेलाही नसतो, आणि अशा वेळी तो कापला तर वायू किंवा मल यांवरचा ताबा कमी होण्याचा धोका वाढतो. म्हणून सर्जन आधी मलमे, मग कधी स्नायू सैल करणारे बोटुलिनम टॉक्सिनचे इंजेक्शन, ज्याचा परिणाम काही महिन्यांत आपोआप ओसरतो, किंवा शेजारची त्वचा सरकवून जखम झाकणे, असे पर्याय पाहतात. गरज वाटल्यास स्नायूची सोनोग्राफी करून घेतात. रस्त्याकडेच्या भिंतींवर ‘मूळव्याध, भगंदर, फिशर, एका दिवसात बरे’ असे रंगवून ठेवणाऱ्यांकडे बाळंतिणीला अजिबात नेऊ नये. तिथे जाळणारी औषधे टोचली जातात किंवा लावली जातात आणि झालेली इजा आयुष्यभर पुरते.

काही लक्षणे दिसली तर सहा आठवडे थांबायचे नसते. ताप, रात्रंदिवस न थांबणारा ठणका आणि गुदद्वाराजवळ लाल, टणक सूज म्हणजे गळू असू शकते. योनीतून वायू किंवा मल येणे, किंवा मल-वायू रोखता न येणे म्हणजे प्रसूतीतली फाट आतपर्यंत गेली असण्याची शक्यता असते. ही तक्रार लाजेने लपवणाऱ्या बायका वर्षानुवर्षे सोसतात, म्हणून ती मुद्दाम विचारावी. थेंबांऐवजी धार लागावी असे रक्त जाणे, रक्ताच्या गाठी पडणे, लघवी अडणे, यांत त्याच दिवशी दवाखाना गाठावा. चीर पुढे किंवा मागे नसून बाजूला असेल, एकाहून अधिक असतील, किंवा सोबत वजन उतरत असेल, तर क्षयासारखे दुसरे कारण शोधावे लागते. आणि प्रसूतीच्या वेळी फाट गुदद्वाराच्या स्नायूपर्यंत गेल्याचे डिस्चार्ज कार्डावर लिहिलेले असेल, तर गुदद्वारावाटे कोणतेही औषध किंवा एनिमा डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

दवाखान्यात प्रसूती झाली की आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येतात. भेटी मुख्यतः बाळासाठी असल्या तरी त्यांना सांगायला हरकत नाही, आणि बाळ आजीच्या मांडीवर देऊन त्यांच्याशी आतल्या खोलीत बोलता येते. डॉक्टरांसमोर गेल्यावर शब्द सुचत नसतील तर आधीच कागदावर लिहून न्यावेत: शौचाच्या जागी चिरल्यासारखे दुखते आणि नंतर इतका वेळ ठणकते; इतक्या दिवसांपासून रक्ताचे थेंब पडतात; प्रसूती नॉर्मल होती, टाके आहेत किंवा सिझेरियन आहे; बाळ अंगावर पिते; लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या चालू आहेत. एवढे सांगितले की पुढचे प्रश्न डॉक्टर विचारतात. तपासणीच्या वेळी बाई डॉक्टर हव्या असतील, किंवा सिस्टरने सोबत थांबावे असे वाटत असेल, तर तसे मागायचा तिला पूर्ण हक्क आहे.